एमएम ५४०: ६८ हर्ट्झचं भूत सापडलं

अखेर सापडलं, मंडळी! ताशी पन्नासला माझ्या महिंद्रा जीपच्या सीटखालून उठणारी ती घूंऽऽ आणि वर टेलगेटचा थयथयाट, याचं मूळ इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांत, म्हणजे क्रॉसमध्ये नाही आणि शाफ्टच्या बॅलन्समध्येही नाही. मागचे नवे पाटे (लीफ स्प्रिंग) टाकल्यापासून हे लागलंय आणि त्याचं कारण मी इथे विचारलं होतं, ते आठवत असेलच.

निम्म्या लोकांनी क्रॉस बदलायला सांगितलं होतं. बदलले. पहिला जोड डब्यातून काढतानाच खुळखुळत होता, तो तसाच दुकानदाराला परत. ग्रीस निपल नसलेला क्रॉस जीपला लावूच नये, या मतावर मी ठाम आहे. दुसरा जोड झकास बसला, आवाज मात्र जिथल्या तिथे. स्लिप जॉइंटचे (शाफ्टच्या सरकत्या जोडाचे) जुळणीचे बाणही समोरासमोर आहेत.

मग आवाजाची वारंवारता मोजायला फोनवर फायफॉक्स टाकलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं हे फुकट अ‍ॅप दुकानातल्या महागड्या मीटरपेक्षा मला तरी जास्त उपयोगी पडलं. आधी खात्री म्हणून सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरजवळ माइक धरला. बरोबर १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १०० कंपनं आली. वीज ५० हर्ट्झची, पण आतला लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो. जीपमध्ये ताशी ५० ला आवाजाच्या आलेखाचं शिखर आलं ६८ वर.

आता हिशोब. टायरवर खडूची खूण करून गाडी ढकलली, एका फेऱ्याला २.२ मीटर. म्हणजे ५० च्या वेगाला चाक सेकंदाला ६.३ फेरे मारतं. माझं क्राउन-पिनियन (शाफ्टचा फेरा अ‍ॅक्सलला देणारी दातेरी जोडी) ४३/८ चं, म्हणून शाफ्टचे ३४ फेरे. ६८ म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला दोन धक्के, आणि हा तर क्रॉसचा स्वभावच. कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो.

पण माशी इथेच शिंकली. टॉप गियर डायरेक्ट, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) हायमध्ये एकास एक, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरणार. चार सिलिंडरचं प्यूजो इंजिन एका फेऱ्यात दोनदा फायर होतं. तेही ६८च! दोघांपैकी चोर कोण, हे आकड्यावरून कळेना.

तिसऱ्या गियरने प्रश्न सोडवला. वेग तोच ठेवला, तर इंजिनचं शिखर शंभरच्या आसपास गेलं आणि ६८ वालं जागचं हललं नाही. इंजिन निर्दोष सुटलं. पुढचा शाफ्ट उतरवला, काही फरक नाही. तो परत चढवून मागचा उतरवला आणि चारही चाकं जोडणाऱ्या फोर-हायमध्ये नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी नेली. चिडीचूप! टेलगेटसुद्धा. त्या दिवशी उगाचच एक चक्कर जास्त मारली.

मग आडव्या रेषेशी कोन मोजले. ट्रान्सफर केसचं आउटपुट ३ अंश, शाफ्ट १४, पिनियन ७. म्हणजे पुढचा क्रॉस ११ अंशांत चालतो, मागचा ७. दोन्ही कोन सारखे असले की पुढच्याने केलेली गडबड मागचा निस्तरतो. गडबड कोनाच्या वर्गाने वाढते, म्हणून इथे १२१ वजा ४९, उरले ७२, त्याचं वर्गमूळ साडेआठ. साडेआठ अंशांत एकच क्रॉस लावून गाडी चालवावी, तसं हे झालं. नव्या पाट्यांनी पिनियनचं नाक वर केलंय. अ‍ॅक्सिलरेटर दिला की ते आणखी उचलतं, म्हणून चढाला आवाज वाढायचा.

उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांकडे कुणाच्या तरी जीपसाठी केलेल्या, पाटा आणि अ‍ॅक्सल हाउसिंगच्या मध्ये बसणाऱ्या ३ अंशांच्या पाचरी पडून होत्या. एमएसच्या (साध्या पोलादाच्या) आहेत, अ‍ॅल्युमिनियमच्या पाचरी यू-बोल्ट आवळला की दबतात, त्या नकोतच. आपले पाटे हाउसिंगच्या खाली, तेव्हा नाक खाली आणायला जाड बाजू मागे. टाकल्या, आणि ६८ चं शिखर तिसऱ्या हिश्श्यावर आलं. आता पाच अंशांच्या करून घेणार. एक अंश जास्त, तो अ‍ॅक्सिलरेटरवर नाक उचलतं त्याची भरपाई म्हणून.

थांबा, हे लिहितानाच लक्षात येतंय. ज्योतिबाला चौघं आणि सामान घेऊन गेलो तेव्हा आवाज कमी होता, आणि मला तो वाऱ्याचा खेळ वाटला होता. पाटे बसले की शाफ्ट सपाट होतो. समजा ३ अंशांनी झाला, तर ११ आणि ७ चे ८ आणि ४ होतील. फरक तोच चार, पण ६४ वजा १६ म्हणजे ७२ च्या जागी ४८! चालताना नाक उचललं की थोडा फरक पडणारच, म्हणून नुसते कोन सारखे करून भागणार नाही, दोन्ही उतरायला हवेत.

तेव्हा पाच अंशांचं काम थांबवतो. आधी मागच्या दोन्ही पाट्यांतलं एकेक पान काढून उंची उतरवतो, पुन्हा कोन मोजतो, मग पाचर ठरवू. मामांना फोन करायला हवा, त्यांनी पट्टी कापायला घेतली नसली म्हणजे मिळवली. तोवर कुणी सांगा: पाचर टाकल्यावर पाट्याची पानं एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगच्या भोकात किती शिरतं ठेवलंत? माझं जेमतेम टेकतंय, आणि लांब डोक्याचा बोल्ट इथे मिळत नाही.