चवथीआधी एक, चवथीनंतर एक

फ्लूची लाट किती पसरली हे इस्पितळाच्या आकड्यांवरून कळत नाही, हे शिकताना वाचलं होतं. फोंडा तालुक्यात घरोघरी रक्त गोळा करायला लागले तेव्हा ते पटलं. दोन दिवस अंग दुखलं, काढा घेतला, तिसऱ्या दिवशी कामावर गेले, असा माणूस कुठल्याच नोंदीत येत नाही. त्याच्या रक्तात मात्र प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, राहतात. २००९च्या स्वाइन फ्लूत इंग्लंडमध्ये रक्त तपासलं, तेव्हा जास्त लागण झालेल्या भागांत दर तीन मुलांमागे साधारण एकाला संसर्ग होऊन गेलेला निघाला. दवाखान्यांतल्या नोंदींवरून बांधलेल्या अंदाजाच्या हे दहापट होतं.

आपल्याकडे फ्लूचा मुख्य हंगाम पावसाळा. त्यामुळे पहिला नमुना पावसाच्या तोंडावर आणि दुसरा चवथ उरकल्यावर, मुंबई-पुण्याची मंडळी घरी येऊन गेल्यावर, असं ठरलं होतं. पहिल्या फेरीत लोक आनंदाने हात पुढे करतात. दुसरी फेरी जड जाते. माशेलला एका आजींनी सरळ विचारलं, "बाय, मला तापच आला नाही. मग परत सुई कशाला?"

"आजी, ताप आलेले डॉक्टरकडे सापडतात. न आलेल्यांसाठीच तर आम्ही फिरतोय."

आजींनी पदर सावरला आणि हात पुढे केला. त्या नाही म्हणाल्या असत्या तर त्यांचा पहिला नमुनाही जवळजवळ वाया गेला असता. एकट्या नमुन्यात प्रतिपिंडं दिसली, तरी ती यंदाच्या संसर्गाची, जुन्या संसर्गाची की लशीची, हे ठरवता येत नाही. म्हणून लस घेतली का, कधी घेतली, हे मी प्रत्येकाला खोदून विचारत असे.

प्रयोगशाळेतलं काम मला मनापासून आवडतं. रक्तद्रवात विषाणूला नुसतेच अडवणारे इतर पदार्थही असतात. ते काढायला रात्रभर ३७ अंशांवर विकर (एन्झाइम) लावून ठेवायचं, मग ५६ अंशांवर अर्धा तास. त्यानंतर ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये १० पट, २० पट, ४० पट असं पातळ करत जायचं, ठरावीक मात्रेत विषाणू घालायचा आणि शेवटी टर्कीच्या तांबड्या पेशी. प्रतिपिंडं नसली, तर विषाणू पेशींना एकमेकींशी गुंतवतो आणि खळगाभर फिकट लाल पडदा पसरतो. प्रतिपिंडं पुरेशी असली, तर पेशी तळाशी ठिपका होऊन बसतात. प्लेट तिरकी धरली की तो ठिपका अश्रूसारखा ओघळतो. तो ओघळ ज्या शेवटच्या खळग्यापर्यंत दिसतो, तो आकडा लिहायचा. एका माणसाचे दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच प्लेटवर लावायचे, नाहीतर तुलनेत खोट येते.

नावं नसतात, फक्त कोड. एका जोडीत पहिल्या नमुन्याला १० आणि दुसऱ्याला ८० आलं. चौपट वाढ झाली तरी संसर्ग धरतात, ही तर आठपट होती. अर्ज काढून पाहिला. ताप नाही, लस नाही, "थोडा खोकला" एवढीच नोंद. मी प्लेट पुन्हा लावली, तोच निकाल आला. त्या कोडपुढे 'संसर्ग' लिहिलं आणि पुढची जोडी घेतली.