डेडवूडमधलं गाऱ्हाणं

माणशी बावीस डॉलर मोजून आम्ही डेडवूडमध्ये रात्रीची भुतांची फेरी केली, आणि मी संतापून परत आले.

खरं तर मला दक्षिण डाकोटाच्या अख्ख्या सहलीबद्दल लिहायचं होतं. माउंट रशमोर झालं, बॅडलँड्समध्ये एक दुपार उन्हात भाजून निघालो, कस्टर पार्कात बायसनचा कळप अर्धा तास रस्ता अडवून उभा होता. सगळं बघण्यासारखंच आहे. पण परत येऊन तीन आठवडे झाले, तरी मनात घोळतंय ते डेडवूडच.

डेन्व्हरहून लेक आणि जावई गाडी चालवत होते, मागे आम्ही दोघं. वायोमिंगमधलं शायान ओलांडलं की पंच्याऐंशी नंबरचा रस्ता लागतो. सोन्याच्या काळात घोड्यांच्या टपालगाड्या साधारण याच बाजूने डेडवूडला जायच्या. शायानला पेट्रोल भरलं, झाडाखाली थांबून थालिपीठ आणि लसणीची चटणी खाल्ली आणि निघालो. त्या गावात ५ मार्च १८७६ ला कोणाचं लग्न लागलं होतं हे तेव्हा मला माहीत असतं, तर घटकाभर तरी मी तिथे फिरले असते. ती चुटपुट अजून आहे.

डेडवूड म्हणजे दोन डोंगरांच्या बेचक्यात कोंबलेलं गाव. आमच्या घाटातल्या गावांसारखंच, वर झाडी आणि खाली एकच लांबलचक रस्ता. १८७९ च्या आगीत जुनं लाकडी गाव जळालं, नंतर विटांचं उभं राहिलं. १९८९ पासून इथे जुगार कायदेशीर आहे, त्यामुळे जुन्या देखण्या इमारतींत शिरलं की यंत्रांचा किणकिणाट. आमच्या खोलीच्या बरोबर खाली तो रात्री दोनपर्यंत चालू होता. ज्यांना झोप प्रिय आहे त्यांनी गावाबाहेर उतरावं.

तर ती फेरी. एक तरुण मुलगा होता, लांब काळा कोट, हातात लाल-हिरवे दिवे लुकलुकणारं यंत्र. दिवा लाल झाला की आत्मा जवळ आहे म्हणे, आणि लोकांनी किंचाळायचं. सेथ बुलक या पहिल्या शेरीफने बांधलेल्या हॉटेलात त्याचाच आत्मा फिरतो आणि नोकर रिकामे बसले की वस्तू हलवतो, ही गोष्ट त्याने छान सांगितली. मग वाइल्ड बिल हिकॉकवर आला.

ही गोष्ट पश्चिमेकडच्या सगळ्या गोष्टींत गाजलेली. बिल हा नेमबाज, काही काळ कॅन्सासमधल्या अबिलीन गावाचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख. पत्ते खेळताना नेहमी भिंतीला पाठ लावून बसणारा. २ ऑगस्ट १८७६ ला ती खुर्ची त्याला मिळाली नाही. मागितली, पण समोरच्याने बदलून दिली नाही. जॅक मॅकॉल नावाच्या माणसाने मागून येऊन डोक्यात गोळी घातली. हातातल्या पत्त्यांत एक्के आणि अठ्ठे होते असं सांगतात, त्या हाताला आजही मेलेल्या माणसाचा हात म्हणतात. वय फक्त एकोणचाळीस.

इथवर ठीक होतं. मग तो मुलगा आवाज खाली आणून म्हणाला की वर माउंट मोराया स्मशानात बिलच्या शेजारी त्याची लाडकी कॅलॅमिटी जेन झोपली आहे, आणि चांदण्या रात्री दोघं हातात हात घालून फिरतात. आमच्यातल्या एका बाईने विचारलं, त्याचं लग्न नव्हतं का झालं? तो म्हणाला, हो, होती एक सर्कसवाली, त्याच्याहून बरीच म्हातारी. आणि सगळे हसले.

मी हसले नाही. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे गेलेल्या माणसाबद्दल असं बोलत नाहीत. रात्री विहिरीकडे जातानाही देवचाराची वाट सोडून चालायचं, राखणदाराला वर्षाचा मान द्यायचा, तिठ्यावर उतारा दिसला तर त्याला ओलांडायचं नाही. त्यांना भिऊन असतो तसा त्यांचा मानही ठेवतो. यंत्र लावून कोणाला बोलवायचं आणि वर त्याच्या बायकोला हसायचं, हे मला सहन झालं नाही. फेरी अर्धी टाकून आम्ही खोलीवर आलो.

लेकीने फोनवर शोधून दिलं ते मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसले.

तिचं नाव ॲग्नेस. जन्म जर्मनीतला, १८२६ चा. तारेवर चालायची, घोड्यावर उभी राहायची. नवरा बिल लेक, दोघांची सर्कस. १८६९ मध्ये मिसुरीतल्या ग्रॅनबी गावात एक माणूस तिकीट न काढता तंबूत घुसला, त्याला हाकलला म्हणून त्याने बिल लेकला गोळी घातली. ॲग्नेस तेव्हा चाळिशी ओलांडलेली. तंबू, जनावरं, माणसं सगळं अंगावर घेऊन तिने सर्कस चालवली. आपल्या विष्णुपंत छत्र्यांची सर्कस निघाली ती यानंतर दहाएक वर्षांनी, म्हणजे बाई किती पुढची होती बघा. १८७१ मध्ये तिचा तंबू अबिलीनला पडला तेव्हा तिथला मार्शल होता हिकॉक. मग पाचएक वर्षं पत्रं. आणि शायानला लग्न. ती एकोणपन्नासची, तो अडतीसचा. लग्न लावणाऱ्या पाद्र्याने नोंदवहीत शेरा मारला की यांच्या मनात खरंच लग्न करायचं होतं असं मला वाटत नाही. त्या माणसाचा मला फार राग आला. दोन मोठी माणसं, एक विधवा आणि एक बंदुकीवर जगलेला, समोर उभी आहेत. त्यांच्या मनातलं तुम्हाला कसं कळलं?

दोन आठवडे सिनसिनाटीला एकत्र राहिली, की मग तो सोनं शोधायला ब्लॅक हिल्सकडे, म्हणजे डेडवूडच्या या डोंगरांकडे निघाला. कॅलॅमिटी जेन त्यांच्या तांड्याला फोर्ट लॅरामीजवळ येऊन मिळाली, म्हणजे तिची आणि बिलची ओळख जेमतेम काही आठवड्यांची. जेनचा मला राग नाही. १८७८ मध्ये डेडवूडला देवीची साथ आली तेव्हा तिने रोग्यांची सेवा केली होती. ती गेली १ ऑगस्ट १९०३ ला, आणि गाववाल्यांनी तिला त्याच्या शेजारी पुरलं. पुढे तिचं बिलशी लग्न झाल्याची कागदपत्रंही कोणी पुढे आणली, अभ्यासकांनी ती खोटी ठरवली. लोकांना मात्र तीच जोडी आवडते.

आता भुताचं म्हणाल, तर ते इथे आहे. डेडवूडची घळ वरून दिसली तेव्हा बिल म्हणाला होता की हा माझा शेवटचा तळ, इथून मी जिवंत जाणार नाही. हे त्याच्या सोबत्याने पुढे सांगितलं. आणि मरणाच्या आदल्या दिवसाचं म्हणून एक पत्र प्रसिद्ध आहे: ॲग्नेस, आपली पुन्हा भेट झाली नाही, तर शेवटची गोळी झाडताना मी हळूच तुझं नाव घेईन, आणि पलीकडच्या काठाला पोहून जायचा प्रयत्न करीन.

हे वाचून अंगावर काटा आला. पण त्याआधीचं एक पत्र आहे, १७ जुलैचं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या पत्राने. त्यात मरणबिरण काही नाही. तब्येत उत्तम आहे, नुकताच सोनं शोधून आलो, उद्या परत जाणार, मला आता बघशील तर हसशील. तुझं पत्र येईलसं वाटत नाही, पण माझी ॲग्नेस मला माहीत आहे. आपलं घर होईल गं, मग आपण सुखात राहू. आणि शेवटी: माणूस घाई करतोय. टपाल घेऊन जाणारा माणूस.

मी ते वाक्य यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे एकतीस वर्षं बोटीवर होते. ह्यांची पत्रं अशीच संपायची. बोट बंदराबाहेर नांगरावर, एजंट लाँच घेऊन आलेला, त्याच्या हातात पत्र द्यायचं. ‘एजंट निघाला, थांबवतो. जोत्याचे चिरे आले का कळव.’ वेंगुर्ल्याचं आमचं घर या पत्रांतून उभं राहिलं. दर पत्रात घर.

हे खिडकीशी बसले होते. खालून यंत्रांचा आवाज येत होता. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, “दुसऱ्यासारखं पत्र मी पण लिहिलं होतं.”

मला कळेना. “कुठलं?”

“ते पलीकडच्या काठाचं. अठ्ठ्याऐंशीला, बिस्केच्या उपसागरात. तीन दिवस वादळ होतं. दुसऱ्या रात्री माझे आजोबा केबिनच्या दारात उभे दिसले. नुसते बघत होते. मला वाटलं, झालं. बसून तुला लिहिलं.”

“मग?”

“लिस्बनला पोहोचलो. ते फाडलं आणि चिऱ्यांचं लिहिलं.”

ते लिस्बनचं पत्र मला चांगलं आठवतं. त्यात चिऱ्यांचा हिशोब होता आणि खिडक्या सागवानी करू की फणसाच्या असं विचारलं होतं. मी तेव्हा रागावले होते, दोन महिन्यांनी पत्र आलं आणि त्यात नुसतं लाकूड! पस्तीसहून जास्त वर्षं झाली त्याला. मी काही बोलले नाही. उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. खालची यंत्रं बंद झाली तरी आम्ही तिथेच होतो.

सकाळी माउंट मोरायाला गेलो. चढ सरळ छातीवर येतो, गुडघ्यांचं दुखणं असेल तर काठी हवीच. दारात थोडे डॉलर घेतात. पाइनच्या झाडांचा वास, खाली सगळी घळ दिसते. बिलला आधी दुसरीकडे पुरलं होतं, १८७९ मध्ये इथे आणलं. कुंपणाच्या आत त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे, आणि पायाशी लोकांनी वाहिलेलं: पत्ते, नाणी, दारूच्या छोट्या बाटल्या. शेजारी जेन. ॲग्नेस १८७७ मध्ये इथे येऊन त्याच्या थडग्यावर जाऊन गेली होती. ती वारली १९०७ मध्ये, आणि तिला सिनसिनाटीला बिल लेकच्या शेजारी ठेवलं. डेडवूडपासून हजार मैलांहून लांब.

आमच्याकडे देवाला, राखणदाराला मोठ्याने साकडं घालतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. मी ह्यांना म्हटलं, “गाऱ्हाणं घाला.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मग जावयाला विचारलं, “इथला जागेवाला कोण?”

जावई आधी गोंधळला. मग त्याने सांगितलं की हे डोंगर लाकोटा लोकांचे. त्यांच्या भाषेत पाहा सापा, काळे डोंगर. १८६८ च्या तहात सरकारने ते त्यांच्याकडे ठेवले होते, १८७४ मध्ये सोनं सापडलं आणि लोक घुसले. बिल इथे आला तेव्हा हे गावच बेकायदा होतं. म्हणून तर मॅकॉल इथल्या खटल्यात सुटला तरी तो खटला धरला नाही, यँक्टनला पुन्हा चालवून १ मार्च १८७७ ला त्याला फाशी दिली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, डोंगर अन्यायाने घेतले, भरपाई द्या. लाकोटांनी पैसे घेतले नाहीत. आम्हाला डोंगर हवेत, म्हणाले. ती रक्कम वाढत वाढत अब्ज डॉलरच्या वर गेली, तरी त्यांनी तिला हात लावलेला नाही.

आदल्या रात्रीच्या फेरीत यातला एक शब्द नव्हता.

हे सगळं ऐकून घेतलं आणि ह्यांनी चपला काढल्या. डोक्यावर रुमाल टाकला. आमच्या घराण्यात गाऱ्हाणं घालायचा मान ह्यांच्या काकांचा होता, आवाज तोच.

“बा देवा म्हाराजा! ह्या काळ्या डोंगराचो जो कोण राखणदार आसात, जे कोण मूळ जागेवाले आसत, तेंका आधी पाया पडतंव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी आणि लेक एकदम म्हणालो. जावई पुण्याचा, पण दुसऱ्या वेळेपासून तोही म्हणायला लागला.

“तुमची जागा तुमका परत गावांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि हयसर जो झोपलो आसा, तेची बायल लांब ऱ्हवली. तेणा तिका घर बांधतलंय म्हणान सांगल्यान होता. काय वाकडातिकडा झाला आसात ता सरळ कर, आणि दोगांची गाठभेट घडवन दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

चढावर एक वयस्क गोरं जोडपं थांबलं होतं. त्यातल्या आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. गाऱ्हाणं संपल्यावर त्यांनी मान लववली आणि पुढे गेले.

वाहायला आमच्याकडे काही नव्हतं. पर्समध्ये डायरी होती, तिचं एक पान फाडून मी देवनागरीत ‘ॲग्नेस’ लिहिलं, घडी केली आणि कुंपणातून हात घालून नाण्यांशेजारी एका दगडाखाली ठेवलं. हे चपला घालून उभे होते. खाली गाडीशी पोहोचेपर्यंत त्यांनी माझा हात धरला होता, चढ उतरताना गुडघे दुखतात म्हणून.