तुम्ही विचारलंत म्हणून: अजून विंडोज १० का?

"आता तरी अकरा टाकून घे, दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला." दर्यापूरच्या दुकानवाल्यापासून पुण्यातल्या भाच्यापर्यंत सगळ्यांनी हे सांगून झालं. माहीत आहे. मला दिसत नाही, बातम्या ऐकू येतात.

स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा नॅरेटर तर विंडोजच्या आतच असतो, तेच काम करणारं एनव्हीडीए फुकट आहे, मग अडचण काय, हा पुढचा प्रश्न. अडचण एनव्हीडीएची नाहीच. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं ते २००६ साली सुरू केलं, म्हणून महागडं सॉफ्टवेअर न घेता माझं पोट चालतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर गावाचे अर्ज टाइप करायचे, ईस्पीक या संगणकी वाणीच्या पत्रा वाजवल्यासारख्या आवाजात ऐकून तपासायचे. अकरावरही ते नीट चालतं.

कसं माहीत? टाकून पाहिलं होतं. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस. दुकानवाल्यानं अपग्रेड केलेलं मशीन घरी आणून जोडलं, "चालू हाये भाऊ सगळं" म्हणाला आणि गेला. त्याला दिसत होतं, म्हणून चालू होतं. मला नुसती पंख्याची घरघर. एनव्हीडीए सुरू करायला कंट्रोल-ऑल्ट-एन दाबलं, काही नाही. विंडोज-कंट्रोल-एंटर दाबून नॅरेटरला हाक मारली, तोही गप्प. वाचणारा बंद आहे की स्पीकर, हे मला सांगणार कोण? सांगणाराच तर गेला होता.

घरचे सगळे वावरात. शेजारचा सातवीतला पोरगा सापडला. त्याच्यामागे ओट्यावर बसलेली दोनचार माणसंही आत आली. "घड्याळाजवळ स्पीकरचं चित्र शोध," मी म्हणालो. पोरगं हुशार, पण शोधता शोधता दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटलं. डेस्कटॉपवर माझ्या फायली. कोणाच्या सुनेची पोटगी, कोणाची सावकाराविरुद्ध तक्रार, सगळं नावानिशी. मी "राहू दे, राहू दे" म्हणतोय आणि ते वाचतंय. मग एकाएकी थांबलं.

"काका, हे तं आमच्या आबाचं नाव हाये. वाटणीचा अर्ज म्हंजे काय?"

आबानं तो अर्ज घरात कोणालाही न सांगता करून घेतला होता. खोलीतल्या कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

आवाज एचडीएमआयच्या केबलमधून मॉनिटरकडे गेला होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. आवाज कुठून काढायचा त्या यादीतलं दुसरं नाव पोरानं निवडलं, मशीन बोलायला लागलं. विंडोज-कंट्रोल-व्ही दाबलं की अकरात ती यादी थेट उघडते, हे मला नंतर समजलं. तेव्हा माहीत असतं तर बाण, एंटर आणि देवाचं नाव घेत मीच जमवलं असतं कदाचित.

एवढ्याशा गोष्टीला घाबरलास, असं म्हणाल. म्हणा. टायपिंग दर्यापुरात कुठंही होतं, तरी माणसं माझ्याकडे येतात, कारण इथं सांगितलेलं इथंच राहतं. त्या दुपारी ते राहिलं नाही. आबा अजून रामराम घेतो, पण पुढचा कागद त्यानं दुसरीकडून करून घेतला.

अपग्रेडनंतर दहा दिवसांच्या आत मागं फिरता येतं. फिरलो.

जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा सपोर्ट संपला, तेव्हा "घाबरू नका रे, टाका दहा" म्हणत मीच ओळखीच्या अंध मित्रांच्या मागं लागलो होतो. तो तेव्हाचा मी आजही माझं डोकं खातो. फायलींना खुणेची नावं दे, एक यूएसबी हेडफोन जवळ ठेव, संपलं. नावं बदलली मी, हेडफोनही आणला. तेव्हा तुझ्याकडे लोकांचे अर्ज कुठं होते, असं मी त्याला सुनावतो. त्यावर तो विचारतो, मग त्याच लोकांचे आधार नंबर सुरक्षा अपडेट नसलेल्या मशीनवर ठेवणार का? याला माझ्याकडे धड उत्तर नाही. जादा मुदतीचे सुरक्षा अपडेट तेवढे नोंदवून घेतलेत, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत.

त्याआधी करायचं तर उन्हाळ्यात, घरातलं कोणी डोळस माणूस जवळ असताना. भाचा म्हणतो, मे महिन्यात येतो. तो मागच्या मेमध्येही येणार होता.