आषाढातलं कोल्हापूर, जेद्दाचा पाऊस आणि आण्णांचा प्रश्न

सौदीत राहणाऱ्या माणसाच्या नशिबी कोल्हापूरचा आषाढच लिहिलेला असतो. तिकडच्या शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणून आम्ही येतो तेव्हा आंबा संपलेला आणि गणपती अजून लांब. दोर्‍यांवर चार दिवस न वाळलेले टॉवेल, बुटांत कोंबलेले पेपरचे बोळे आणि घरभर ओल्या कपड्यांचा वास. वर्षभर ज्या घराची आठवण काढायची, ते घर आम्हाला कायम असंच भेटतं.

माहेर शुक्रवार पेठेत, पंचगंगेपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे पावसाळ्यात घराचं घड्याळ नदीवर चालतं. पप्पा सकाळी चहाच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पस्तीसपर्यंत घरात राजकारणावर बोलणं चालतं. ३९ झालं की आई काही न बोलता तांदळाचा डबा माळ्यावर चढवते. त्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागले की मग बघायलाच नको. एकूण सात दरवाजे, एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी; किती उघडले हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं होतं, महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता आणि मी जेद्दात फोन धरून बसले होते. तेव्हापासून पप्पांच्या रोजच्या मेसेजमध्ये ‘सुप्रभात’ नसतं, नुसता आकडा असतो. मला तेवढं पुरतं.

पोरांना मात्र हे सगळं जत्रेसारखं वाटतं. आषाढात मंगळवारी, शुक्रवारी नदीचं नवं पाणी घेऊन लोक पी ढबाक वाद्यांच्या तालावर टेंबलाई देवीच्या डोंगराकडे निघतात. डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, वरून धो धो पाऊस, छत्री कुणालाच नको. आमच्या धाकट्याने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा प्रश्न होता, “एवढा पाऊस पडतोय, मग पाणी उचलून का नेतात?” त्याच्या हिशेबाने प्रश्न रास्त होता. तो ज्या शहरात वाढतोय तिथे पाऊस पडावा म्हणून राजा फर्मान काढतो आणि देशभरच्या मशिदींत पावसासाठीची नमाज होते. प्यायचं पाणी समुद्राचं मीठ काढून येतं. पाऊस पडला तर नोव्हेंबर ते जानेवारीत, तोही मोजके दिवस.

पण जेव्हा पडतो, तेव्हा जेद्दा हे शहर आहे की तळं, असा प्रश्न पडतो. मागे कोरडे डोंगर, पुढे समुद्र, मधल्या ओढ्यांच्या वाटांवर वस्ती. नोव्हेंबर २००९ मध्ये, ऐन हजच्या दिवसांत, एका पुराने शंभराहून अधिक माणसं नेली. त्यानंतर धरणं बांधली, नाले काढले. तरी २४ नोव्हेंबर २०२२ ला शहराच्या दक्षिण भागात काही तासांत १७९ मिलिमीटर पाऊस झाला आणि गाड्या कागदी होड्यांसारख्या रस्त्यावरून फिरल्या. गगनबावड्याचा माणूस १७९ ऐकून हसेल. त्याने गटारच नसलेल्या गल्लीत उभं राहून हसून दाखवावं.

तिकडचा पावसाचा दिवस आदल्या रात्रीच सुरू होतो. हवामान खात्याचा इशारा येतो, शाळेच्या ग्रुपवर ‘उद्या वर्ग ऑनलाइन’ असं पडतं आणि पोरं नाचायला लागतात. बाप्येमंडळी गाड्या उंचावरच्या रस्त्याला नेऊन लावतात. अझीझियातली आमची इमारत पाच मजली. तिचा हारिस, म्हणजे राखणदार, बांगलादेशातल्या बारिसालचा. सगळ्यात आधी तो काय करतो, तर जमिनीखालच्या टाकीचं झाकण प्लास्टिक आणि वाळूच्या पोत्यांनी बंद करतो आणि मोटरचं बटण पाडतो. रस्त्यावरचं घाण पाणी एकदा टाकीत गेलं की पाचही मजल्यांचे नळ गेले. मग लिफ्ट खाली अडकू नये म्हणून तिसऱ्या मजल्यावर नेऊन थांबवतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. समुद्राच्या वादळात वाढलेला माणूस आहे.

आणि मग जिन्यात बायका जमतात. समोरची लाहोरची भाभी पकोडे तळते, वरची इजिप्शियन बाई मसुराचं दाट सूप करते कारण त्यांच्याकडे पावसात तेच लागतं, इंडोनेशियाची पोरगी केळ्याची भजी आणते, सुदानची बाई आलं घातलेली कॉफी. मी कांदाभजी. भाषा प्रत्येकीची मोडकी. तळणाला भाषा लागत नाही. पहिल्या सरीला सगळ्या एक दुआ म्हणतात, ‘हा पाऊस भरपूर आणि हिताचा होऊ दे.’ पाऊस थांबेना झाला की दुसरी, ‘आमच्या आजूबाजूला पड, आमच्यावर नको.’ ही दुसरी मी पप्पांना सांगितली तर म्हणाले, राधानगरीच्या भिंतीवर लिहून ठेवायला पाहिजे.

यंदा हेच सगळं शेजारच्या आण्णांना सांगत होते. लाईट गेलेली, आई म्हणाली, “मी भजी टाकतो, तू कांदा चिर,” आणि आण्णा खुर्ची ओढून बसले. आण्णा निवृत्त शिक्षक. रोजचा पेपर अग्रलेखासकट वाचतात. त्यांनी भज्याचा पहिला घास घ्यायच्या आधी विचारलं, “ते जिन्यातलं राहू दे गं. एवढे मुसलमान देश, एवढं तेल, एवढा पैसा. जगासाठी करतात काय ते? का नुसत्या परिषदा घ्यायच्या?”

प्रश्न बोचरा होता, पण टाकून देण्यासारखा नव्हता. शिवाय मी राहते त्याच शहरात इस्लामी सहकार्य संघटनेचं, म्हणजे ओआयसीचं, मुख्यालय आहे. २५ सप्टेंबर १९६९ ला मोरोक्कोतल्या राबातमध्ये स्थापना, आज ५७ सदस्य. संयुक्त राष्ट्रांखालोखाल देशांची सर्वांत मोठी संघटना, असं ती स्वतःला म्हणवते. परिषदा होतात, ठराव होतात, हे आण्णांचं म्हणणं खरंच आहे. येमेनमध्ये, सुदानमध्ये सदस्य देशच एकमेकांविरुद्धच्या बाजू धरून बसलेत आणि ठरावाने एकही बंदूक खाली आलेली नाही. सुदानचे दोन्ही सेनापती-गट मे २०२३ मध्ये जेद्दातच एका कागदावर सह्या करून गेले, की नागरिकांना हात लावणार नाही. त्या सह्यांचं काय झालं ते आमच्या सुदानी शेजारणीला विचारा. खार्तुममधलं तिचं माहेर गेलं.

पण त्या सह्यांच्या आधीच्या महिन्यात जेद्दाच्या बंदरात मी वेगळं काही बघितलं. सुदानात लढाई पेटली आणि पोर्ट सुदानहून लाल समुद्र ओलांडून जहाजं जेद्दाला लागायला लागली. सौदीच्या नौदलाने शंभरावर देशांची माणसं आणली. सुदानातून भारतीयांना परत आणायच्या आपल्या ‘ऑपरेशन कावेरी’तल्या लोकांचा मुक्कामही जेद्दातल्या भारतीय शाळेत होता. आम्ही काहीजणी लहान पोरांचे कपडे घेऊन गेलो होतो. एका गृहस्थाच्या हातात फक्त पासपोर्ट आणि मोबाईलचा चार्जर, मोबाईल नव्हता. भारताने विमानं दिली, जहाजं दिली. पण उतरायला बंदर लागतं, आणि ते एका मुसलमान देशाने दिलं होतं.

दुसरं उदाहरण आण्णांना जास्त पटलं, कारण ते पुराचं होतं. २०२२ च्या पावसाळ्यात पाकिस्तानात १,७०० हून अधिक माणसं गेली, सव्वातीन कोटींवर लोकांना झळ बसली. जानेवारी २०२३ मध्ये जिनिव्हाला मदतीची परिषद झाली. नऊ अब्ज डॉलरच्या वर आश्वासनं आली, त्यांतली ४.२ अब्जांची सर्वांत मोठी रक्कम जेद्दाच्याच इस्लामी विकास बँकेची होती. आता त्यात कर्जाचा भाग मोठा, हेही सांगायला हवं. पूरग्रस्ताला कर्ज देणं याला मदत म्हणायचं का, हा प्रश्न कोल्हापूरच्या माणसाला वेगळा समजवायला नको.

त्याच पुराने आणखी एक काम केलं. गरीब देशांनी हवामानाची धूळधाण का सोसायची, भरपाई कोण देणार, हा वाद कित्येक वर्षं लोंबकळत होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेखला जागतिक हवामान परिषद भरली, तेव्हा विकसनशील देशांच्या गटाचं नेतृत्व पाकिस्तानकडे होतं. तिथे भरपाई निधी करायचा ठरला. पुढच्या वर्षी दुबईत परिषदेच्या पहिल्याच दिवशी तो सुरू झाला आणि अमिरातीने दहा कोटी डॉलर घातले. तेल विकणाऱ्यांनी हवामानाची परिषद भरवायची, हा विनोद आहेच. पण पैसे खरे होते.

बांगलादेशचं सांगितलं तेव्हा आण्णांनी चष्मा काढला. १९७० च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं मेली. १९७२ पासून रेड क्रेसेंट, म्हणजे तिकडची रेड क्रॉस, आणि सरकारने गावोगाव स्वयंसेवक उभे केले. भोंगा, झेंडे, सायकल, निवारे. २०२० च्या अम्फान वादळात मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. जग आता ती पद्धत त्यांच्याकडून शिकतं. टाकीचं झाकण बंद करणारा आमचा हारिस त्याच किनाऱ्याचा.

आण्णांनी शेवटचं भजं उचललं. “म्हणजे आपल्या दूध संघासारखंच की. वार्षिक सभेत खुर्च्या फेकायच्या, माईक ओढायचा. पण पहाटे गाडी दारात येतेच, दूध जातंच.”

मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. फक्त गाडी सगळ्यांच्या दारात येत नाही, आणि आपल्या दाराचं प्रकरण तर जरा अवघडच. राबातच्या १९६९ च्या परिषदेला भारताला बोलावणं होतं, आपले लोक पोचलेही होते. पाकिस्तानच्या याह्याखानांनी अडून बसून बाहेर ठेवायला लावलं. पन्नास वर्षांनी, १ मार्च २०१९ ला, अबुधाबीत सुषमा स्वराज त्याच संघटनेत सन्मान्य पाहुण्या म्हणून बोलल्या आणि तेव्हा पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री आले नाहीत. सदस्य आपण आजही नाही. मला विचाराल तर खुर्चीसाठी रुसून बसण्यापेक्षा पूर, वादळ, हजची व्यवस्था अशा कामांत हात घालावा. हजसाठी आपला कोटा पावणेदोन लाखांच्या आसपास आहे, तिथे दोन्ही सरकारांचं रोजचं काम बिनबोभाट चालतं.

आण्णा बराच वेळ मान हलवत होते. मग लाईट आली, पंखा फिरला आणि त्यांनी खुर्ची जरा पुढे घेतली. “बरं ते जाऊ दे. आमच्या नातवानं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. एक एजंट दीड लाख मागतोय. लागंल का तिकडं?”

“आण्णा, एक रुपया देऊ नका,” मी म्हणाले. “आधी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्या एजंटाची नोंदणी बघू. नोंदणी असलेल्यालाही तीस हजार आणि जीएसटीच्या वर घेता येत नाही. आणि पोराला इंग्रजीतलं कंत्राट हातात आल्याशिवाय पासपोर्ट द्यायचा नाही म्हणावं.”

“मग उद्या त्याला पाठवतो तुझ्याकडं.”

“दुपारी पाठवा. सकाळी पप्पा मोबाईल सोडत नाहीत, राजाराम ३७ वर आहे.”