चिपचा कारखाना आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ

देशातच चिपनिर्मिती वाढवायची म्हटले की चर्चा अनुदानाच्या आकड्यांभोवती फिरते. मला मात्र चिपच्या कारखान्यात रात्रपाळीला उभ्या राहणाऱ्या तंत्रज्ञाची काळजी अधिक वाटते. ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो प्रक्रिया होतात, त्यांना दोन-तीन महिने लागतात आणि एखादा सूक्ष्म धूलिकणही चिप निकामी करू शकतो. निर्वात कक्षातला दाब किंचित ढळल्याचे वेळीच हेरणारी नजर केवळ पुस्तकांतून येत नाही. (अभियांत्रिकीच्या पदवीचा अट्टहास इथे अनाठायी आहे, पदविकाधारकही हे काम उत्तम करतात.) कारखाना उभा राहिल्यावर माणसे शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय, त्यामुळे पायाभरणी होत असतानाच तंत्रनिकेतनांत धूळमुक्त ‘स्वच्छ कक्ष’ आणि जुनी का होईना, पण चालती यंत्रे पोहोचायला हवीत.