ॲम्बेसिडरचा उच्छ्वास

जुन्या गाडीविषयी बोलणारे लोक तिच्या हॉर्नविषयी बोलतात, क्रोमच्या बंपरविषयी बोलतात, मागच्या सीटवर लग्नाला जाताना किती माणसं कोंबली होती याचे हिशेब सांगतात. गाडी श्वास कसा सोडते, हा विषय निघत नाही. सायलेन्सरचा धूर सगळ्यांना दिसतो. इंजिनाला आणखी एक उच्छ्वास असतो, आणि आमची १९६८ ची मार्क टू ॲम्बेसिडर तो थेट रस्त्यावर टाकत आली होती.

पिस्टनच्या रिंगा कितीही चोख बसल्या तरी स्फोटातला थोडा वायू त्यांना चुकवून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या पेटीत, उतरतोच. गॅरेजच्या भाषेत ब्लो-बाय. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आम्लं असतात. ही मंडळी आत कोंडली गेली की तेलात मिसळून त्याचा काळा चिखल करतात, आणि दाब वाढला की जिथे फट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतात. आपण मात्र गॅस्केटला दोष देत बसतो.

ॲम्बेसिडरचं हे इंजिन मूळचं इंग्लंडचं, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज, १४८९ सीसी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या कुशीला, टॅपेटच्या झाकणावर एक नळी असते. ती खाली वळते आणि गाडीच्या पोटाखाली उघड्या तोंडानं संपते. गाडी धावू लागली की खालून जाणारा वारा त्या तोंडाशी ओढ निर्माण करतो आणि आतला वायू खेचला जातो. ना स्प्रिंग, ना झडप, बिघडायला काही नाहीच. एवढी साधी युक्ती पाहून हात जोडावेत. पण तिनं एक गोष्ट गृहीत धरली आहे: गाडी चालती असेल. ताशी चाळीसेक किलोमीटरच्या खाली ही ओढ जवळजवळ नसतेच. खंबाटकी ओलांडून साताऱ्याकडे सुटलं की नळी आपलं काम चोख करते. कर्वे रोडच्या सिग्नलला उभं राहिलं की तीच नळी नुसती लोंबकळते. मग तो जळक्या तेलाचा वास फ्लोअरबोर्डच्या फटींतून वर येतो, शर्टात मुरतो, आणि बाहेर लोकांना आपण कशातून आलो हे सांगावं लागत नाही.

हे कोडं आपल्यालाच पडलं असं नाही. १९५० च्या आसपास लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुरकं बसायचं. आरी हागेन-स्मिट नावाच्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानं ते मुख्यतः गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर ऊन पडून तयार होतं, हे दाखवून दिलं. सगळ्यांचं लक्ष सायलेन्सरकडे, पण हायड्रोकार्बनचा, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलच्या वायूंचा, बराच मोठा वाटा या पोटाखालच्या नळीतूनच येत होता. १९६१ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांवर पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे हा वायू पुन्हा इंजिनात वळवणारी झडप, आला, १९६३ पर्यंत अमेरिकेत सगळीकडे. गंमत म्हणजे ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला तो व्हॉल्व्ह होता, कारण लष्कराला गाड्या खोल पाण्यातून न्यायच्या होत्या आणि पोटाखाली उघडं तोंड ठेवून नदी ओलांडता येत नाही. तेव्हा हवेची चिंता कोणालाच नव्हती. पाण्याच्या भीतीनं जे लगेच सुचलं, ते धुराच्या त्रासानं अमलात यायला पंधरा-वीस वर्षं गेली.

व्हॉल्व्हचं वागणं मला फार आवडतं. आता वायू रस्त्यावर न जाता इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल पोहोचवणाऱ्या नळीत, जातो आणि पेट्रोलबरोबर जळतो. पण मॅनिफोल्डची ओढ खूप जास्त असते ती गाडी उभी राहून इंजिन नुसतं चालू असताना, आणि नेमका तेव्हा ब्लो-बाय कमी असतो. म्हणून आतला दट्ट्या जोरात ओढला गेला की वाट अरुंद करतो, आणि चढावर ओढ कमी झाली की स्प्रिंग त्याला मागे सारून वाट रुंद करते. जो जास्त हट्ट करील त्याला कमी खाऊ देणाऱ्या आजीसारखा. बॅकफायर झालाच, म्हणजे ज्वाळा उलटी मॅनिफोल्डमध्ये आलीच, तर तो वाट पुरती बंद करतो, म्हणजे ज्वाळा चेंबरमध्ये शिरत नाही.

हा व्हॉल्व्ह आमच्या ॲम्बेसिडरला बसवायचं मी ठरवलं, तेव्हा आमच्या मिस्त्रींना ते पटलं नव्हतं. "साहेब, कंपनीनं नळी दिलीय ती उगाच दिलीय का?" मी म्हटलं, "मिस्त्री, याच बी-सिरीज घराण्यातल्या इंजिनाच्या एमजीबी या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीला त्यांनी पुढे स्वतःच व्हॉल्व्ह बसवला." ते थोडे नरमले, पण आधी ब्लो-बाय किती येतो ते पाहायला ऑइलचं झाकण काढून चालू इंजिनावर तळहात धरून बसले. बरोबरच होतं त्यांचं. रिंगा गेलेल्या इंजिनाला व्हॉल्व्ह लावला तर तो तेलच ओढून जाळतो आणि मागे निळा धूर निघतो. आमच्या इंजिनात दम होता.

मग काम तसं सरळ. एका छोट्या आधुनिक गाडीचा व्हॉल्व्ह, टॅपेटच्या झाकणाजवळ तेल अडवायला जाळी भरलेला डबा, लेथवाल्याकडून एक अडॅप्टर, आणि वरच्या झाकणातून गाळलेली हवा आत यायला बारीक भोक. नळी मात्र तेलाला टिकणारीच हवी. साधी पाण्याची नळी फुगून मऊ पडते आणि ओढीनं चपटी होते. व्हॉल्व्हमधून जादा हवा येते म्हणून कार्बुरेटर पुन्हा ट्यून करून घ्यावा लागला.

फायदा जिथे अपेक्षित नव्हता तिथेही दिसला. या इंजिनाच्या मागच्या बेअरिंगला रबरी सील नाहीच. शाफ्टवर कोरलेला आटा तेल परत आत वळवतो. चेंबरमध्ये किंचित ओढ राहिली की त्या आट्याचं काम हलकं होतं. पार्किंगच्या फरशीवरचा डाग लहान झाला.

ओरिजिनलवाल्या मित्रांना हे रुचलेलं नाही. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, ती गाडी मूळ रूपात असेल तरच. इंजिनातला बदल तिथे अडू शकतो. म्हणून मी इंजिनाला भोक पाडलेलं नाही. बदललेली झाकणं वेगळी, जुनी झाकणं आणि ती नळी कागदात गुंडाळून माळ्यावर. उद्या कोणी कागदपत्रं घेऊन आलं तर दुपारभरात सगळं पूर्ववत. पण गाडी रोज रस्त्यावर काढायची आणि तिचा धूर मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडात सोडायचा, एवढा ओरिजिनलपणा मला नको.

गिअरबॉक्स अजून गळतोच. व्हॉल्व्हशी त्याचा काही संबंध नाही, असं मिस्त्री म्हणतात, आणि यावेळी मी वाद घातला नाही.