भुंगेरा नेमका कुठला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "सर, तुमचा तो हिरवा भुंगेरा महाराष्ट्रातला की कर्नाटकातला?" हे मला खानापूर स्टँडवर विचारलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलंय, आणि एकदा दाताच्या दवाखान्यात माझं तोंड उघडं असताना विचारलंय. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मोर्चांना जाणारा जुना विद्यार्थी विचारतो तेव्हा त्याला हवं ते उत्तर त्याच्या चेहऱ्यावरच असतं. शाळेतले कन्नडचे सहकारी हसत हसत "नम्दो, निम्दो?" (आमचा की तुमचा?) म्हणायचे, तेव्हा त्यांच्याही चेहऱ्यावर असायचं. मी सगळ्यांना एकच सांगत आलो, "किड्याला कसली आलीय सीमा!" एका व्याख्यानात या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. वाक्य खोटं नाही, पण मी ते पळवाट म्हणून वापरत होतो.

भुंगेरा म्हणजे काय ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. ज्याच्या उसाला हुमणी लागलीय त्याला तर नकोच. हा त्या तपकिरी भुंगेऱ्यांचा हिरवा चुलतभाऊ, ॲनोमाला प्रजातीतला. या प्रजातीत हजाराहून जास्त जाती आहेत, आणि त्यातल्या हिरव्या पुष्कळशा वरून बघून ओळखूच येत नाहीत. ॲरो नावाच्या इंग्रजानं १९१७ साली भारतातल्या या कुळाचा जाडजूड खंड लिहिला, त्याची झेरॉक्स माझ्याकडं आहे, पानं पिवळी पडलीत. खरी ओळख पटते ती नराच्या पोटातल्या जननेंद्रियाच्या टोकावरून. ते दोन-तीन मिलिमीटरचं असतं, ते बाहेर काढून, पोटॅशच्या द्रावणात साफ करून भिंगाखाली बघायचं. लोकांना हे सांगितलं की ते हसतात. हसा.

२०१६ च्या जूनमध्ये, वळीव संपून पाऊस धरायच्या सुमाराला, मला दोन नर मिळाले. एक कणकुंबीजवळ मेहुण्याच्या काजूच्या बागेत, पांढऱ्या चादरीवर दिवा लावून. (भीमगड अभयारण्यात परवान्याशिवाय हात लावता येत नाही, म्हणून बागेत. हेही विचारतात लोक.) दुसरा आठवड्यानं तिलारीनगरला, चंदगड तालुक्यात, साडूच्या अंगणात. म्हणजे एक कर्नाटकातला आणि एक महाराष्ट्रातला, दोन्ही सह्याद्रीच्या एकाच माथ्यावरचे. उजव्या पंखाच्या कवचातून टाचणी घातली, खाली बारीक अक्षरात लेबल लावलं. गाव, उंची, तारीख, माझं नाव. इथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम.

ऑगस्टमधली ती रात्र. वाळलेला भुंगेरा मऊ करायला गरम पाण्यात ठेवावा लागतो. मी दोघांच्या टाचण्या काढल्या, लेबलं टेबलावर ठेवली आणि दोघांना दोन स्टीलच्या वाट्यांत घातलं. आमच्या घरच्या वाट्या, एका संचातल्या, हुबेहूब. डावी कणकुंबी, उजवी तिलारी. हे मनात होतं. मनातच. कागदाचा एक चिटोरा वाटीखाली सरकवायला किती वेळ लागतो? तीस वर्षं मुलांना प्रयोगवहीत "आधी नोंद, मग कृती" असं लाल शाईनं लिहिणारा माणूस मी.

आठ वाजता आमच्याकडं पानं मांडतात. ही आली. "काय करूलालाय हो? ह्या वाट्या हलवू काय?" मी डोकं वर न करता म्हटलं, "हलव की." तिनं दोन हातांत दोन वाट्या घेतल्या, वळली, ओट्यावर ठेवल्या. तेवढ्यात लाईट गेली.

जेवण झालं. इमर्जन्सी दिव्याच्या उजेडात मी ओट्यावरच बसलो. पहिला काढला, पोट उघडलं, टोक साफ केलं. ओळखीचं निघालं, ॲरोच्या आकृतीसारखं. दुसरा काढला. त्याचं टोक खाली वळलेलं, विळ्यासारखं, आणि डावी बाजू उजवीपेक्षा आखूड. मी तीनदा बघितलं. ॲरोचा खंड आणला, सगळ्या आकृत्या चाळल्या. नव्हतं, म्हणजे बहुधा नवीच जात. हिला हाक मारली, तीही बघून म्हणाली, "वेगळंच आहे की हो." मग मी लेबल लावायला हात पुढं केला आणि हात तसाच राहिला.

कुठलं लेबल?

दुसऱ्या दिवशी मी हिला त्या वाट्या उचलून ओट्यावर ठेवायला लावल्या. दहादा. पाचदा डावी डावीकडं आली, पाचदा उजवीकडं, कारण ठेवताना तिचे हात कधी एकमेकांवरून जातात, कधी नाही. अकराव्यांदा ती म्हणाली, "माझ्यावर घालू नका हे." मी घातलंच, बरीच वर्षं, मनातल्या मनात. आज लिहिताना म्हणतो, चूक माझी.

दोघांत गावावरून काही फरक दिसतो का म्हणून थ्रीडी सिनेमाचा चष्मा लावूनही बघितलं. असे बरेच हिरवे भुंगेरे त्याच्या एका काचेतून चकाकतात आणि दुसऱ्या काचेतून काळे पडतात, कारण त्यांच्या कवचावरून परतणारा प्रकाश एकाच दिशेला पीळ घेतलेला असतो. मुलांना दाखवायला छान आहे. माझे दोन्ही भुंगेरे एकाच काचेत काळे पडले. "डीएनए काढा की सर," असं म्हणणारेही आहेत. डीएनए जात सांगेल हो, पण एकच नमुना असताना गाव कसं सांगणार?

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. मी कणकुंबीचं लेबल लावलं. निवडून. आधी तिलारीचं उचललं होतं, खरं सांगतो, आणि का उचललं तेही मला कळत होतं. मग स्वतःचीच लाज वाटून दुसरं उचललं. म्हणजे दोन्ही वेळा मी भुंगेरा बघत नव्हतो. त्यावर शोधनिबंध लिहायला घेतला, दोन वर्षं त्यात कणकुंबी होतं. तेव्हाचा मी म्हणायचा, निम्मी शक्यता आहेच, आणि नमुन्याचं गाव पुढं चुकीचं ठरलं तरी प्राणिनामांच्या नियमावलीत नाव रद्द होत नाही, गाव दुरुस्त करता येतं. बरोबरच म्हणायचा. अजूनही मला त्याचं म्हणणं खोडता येत नाही. पण दुरुस्त करणार कोण? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं नव्या जातीचा नमुना सरकारनं नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. तिथं ते लेबल माझ्या अक्षरात शंभर वर्षं राहील, आणि तो गोंधळ माहीत असणारी माणसं दोनच.

एका तज्ज्ञांनी लेबलासकट फोटो मागितला. मी काढला, पाठवला नाही, आणि निबंध मागं घेतला. त्यावर गावात उठलं की सरांवर दबाव आला. एका बाजूचे म्हणाले सरकारचा, दुसऱ्या बाजूचे म्हणाले समितीचा. कुणाचाही नव्हता. आणि नाव "बेळगाव"वरून देणार की २०१४ नंतरच्या "बेळगावी"वरून, यावर जे माझ्याशी तासभर भांडले, त्यांना सांगतो, मी तिथवर पोचलोच नव्हतो.

त्यानंतर दर जूनला दोन्हीकडं चादर लावतो. माद्या येतात, ओळखीचे नर येतात. गेल्या जूनमध्ये कणकुंबीला दोन नर आले. त्यांची लेबलं हिनं लिहिलीत, तिच्या टपोऱ्या अक्षरात, भुंगेरा बाटलीत जायच्या आधी. विळ्यासारखं टोक निघालं तर त्यालाच नव्या नावाचा मूळ नमुना करता येईल आणि जुन्या लेबलाचा प्रश्नच उरणार नाही. मग तुम्हालाही एका शब्दात उत्तर मिळेल, आणि ते निम्म्या लोकांना आवडणार नाही.

आता पाऊस उघडलाय, लाईटही बरी असते. बाजारातून एक पितळेची वाटी आणलीय, दुसरी स्टीलची आहेच. ही विचारते, "कधी बघणार?" मी म्हणतो, "बघू की."